राणीच्या बागेत बाबा

प्रवासाला निघालेल्या कुटुंबांचे मला दोन वर्ग दिसतात. एक देव पाहणाऱ्यांचा आणि दुसरा जनावरे पाहणाऱ्यांचा. घरात मुले लहान असली, की ते घर आपोआप दुसऱ्या वर्गात मोडते. मग म्हैसूरला जा नाहीतर जुनागढला, राजवाडा आणि किल्ला बाजूला राहतो आणि मंडळी आधी सिंह कोठे आहे ते विचारतात. मुले मोठी होऊन परगावी गेली, की तेच घर बिनतक्रार पहिल्या वर्गात जाऊन बसते. पण ज्या घरात आजीआजोबा आणि नातवंडे एकत्र प्रवासाला निघतात, तेथे दोन्ही वर्ग एकाच रिक्षात बसलेले असतात. रिक्षा कोणीकडे वळवायची हा निर्णय पैसे देणाऱ्यावर सोपवायचा आणि तो काहीही ठरला तरी त्याच्यावर रुसायचे, याबाबत मात्र दोन्ही पक्षांचे एकमत असते.

२०१९ सालच्या मे महिन्यात आम्ही सहाजण मुंबईला गेलो तेव्हा तो पैसे देणारा मी होतो. मी, सौभाग्यवती, अकरा वर्षांची कन्या, सात वर्षांचे चिरंजीव, आणि अनसिंगहून आलेले आई-बाबा. आईला महालक्ष्मी पाहायची होती. मुलांना पेंग्विन पाहायचे होते. सौभाग्यवतींना समुद्र पाहायचा होता. बाबांना काहीच पाहायचे नव्हते, आणि खरे म्हणजे आम्ही मुंबईला आलो होतो ते त्यांनाच काय आणि किती दिसते हे पाहण्यासाठी.

बाबा वर्षभर डोळ्यांची तक्रार करत होते असे नाही. ते कसलीच तक्रार करत नाहीत. पण धुऱ्यावरून चालताना दोनदा पडले, दाराच्या चौकटीला खांदा लागू लागला, ताटाच्या कडेची चटणी ताटातच राहू लागली. आईने हे सारे मनात टिपून ठेवले आणि एके दिवशी फोनवर मला सांगितले. वाशीमच्या डॉक्टरांनी तपासून काचबिंदू असल्याचे सांगितले आणि एकदा मुंबईच्या तज्ज्ञाचे मत घ्या म्हणाले. म्हणून अकोल्याहून रात्रीच्या अमरावती एक्स्प्रेसने आम्ही निघालो. डोंबिवलीला मेहुणीकडे बिऱ्हाड टाकले आणि बुधवारी डॉक्टरांकडे गेलो.

मोतीबिंदू आणि काचबिंदू ही दोन नावे ऐकायला सख्ख्या भावांसारखी वाटतात, पण दोघांचा स्वभाव अगदी वेगळा. मोतीबिंदू हा उघड शत्रू. तो समोर पडदा धरतो, आणि शस्त्रक्रियेने तो पडदा काढला की पुन्हा उजाडते. काचबिंदू चोरपावलांनी येतो. बहुतेकांच्या डोळ्यातला दाब वाढतो, डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी शीर सुकत जाते, आणि आधी कडेचे दिसेनासे होते. मधले दिसत राहते, म्हणून माणसाला वाटते सारे ठीक आहे. जे गेले ते परत आणता येत नाही. जे उरले ते औषधाने राखायचे, एवढेच हाती असते. डॉक्टरांनी हे सारे कागदावर चित्र काढून शांतपणे समजावले. उजव्या डोळ्याची दृष्टी बरीचशी गेली होती. डावा राखायचा होता. त्यासाठी थेंब जन्मभर, एक दिवस न चुकता. "आणि आजोबा, रात्रीचं शेतात जाणं बंद," असे ते शेवटी म्हणाले. बाबांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची हे आम्हांला घरातल्या माणसांनाही कळले नाही.

हे रात्रीचे शेतात जाणे म्हणजे काय, ते शहरातल्या वाचकांना सांगायला हवे.

अनसिंग हे आमचे गाव वाशीमहून पुसदला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. गावाचे नाव शृंगऋषींवरून पडले असे आमच्याकडे सांगतात; त्यांचे देऊळही गावात आहे. विभांडक ऋषींना हरिणीच्या पोटी झालेला हा मुलगा. त्याच्या कपाळावर शिंग होते, आणि रानाबाहेरचे माणूस त्याने कधी पाहिले नव्हते. अंगदेशात पाऊस पडेना, तेव्हा लोमपाद राजाने युक्तीने त्याला रानातून आणवले आणि त्याचे पाऊल राज्यात पडताच पाऊस कोसळला, अशी ती महाभारतातली कथा. कोरडवाहू मुलखातल्या गावाने या ऋषीशी आपले नाते सांगावे यात नवल नाही. पण या ऋषीचे मातुलकुल आमच्यावर फारसे प्रसन्न नाही. सोयाबीन वर आले, तुरीला फूल धरले, हरभरा घाट्यावर आला, की हरणांचे आणि रोह्यांचे कळप रात्री वावरात उतरतात. रोही म्हणजे पुस्तकातली नीलगाय. दिसायला घोड्यासारखी, पण गाय म्हटल्यामुळे तिच्यावर हात उगारायला शेतकरी कचरतो. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे तिला संरक्षण आहेच. रानडुकरे आली तर विचारूच नका. तेव्हा पिकाच्या दिवसांत वावरात माळा उभारून रात्रभर जागायचे, बॅटरी फिरवायची, डबा वाजवायचा, हाळी द्यायची. याला आमच्याकडे जागल म्हणतात. बाबांनी ती पन्नास वर्षे केली. माझे कॉलेजचे शिक्षण, आज मी वर्गात ज्या खुर्चीवर बसून मराठी शिकवतो ती खुर्ची, हे सारे त्या जागलीवर उभे आहे.

माझे म्हणणे असे होते, की आता त्यांनी अनसिंग सोडावे आणि वाशीमला माझ्या घरी राहायला यावे. वेळेवर थेंब, वेळेवर जेवण, जवळ डॉक्टर. वावर धाकटा भाऊ पाहतोच आहे. हे मी त्यांना दिवाळीत सांगितले, संक्रांतीला सांगितले, गाडीत इगतपुरी यायच्या आत पुन्हा सांगितले. ते दर वेळी म्हणत, "पाहू नं." आमच्या वऱ्हाडात "पाहू नं" याचा अर्थ नाही असा होतो, फक्त तो ऐकणाऱ्याचे मन राखून सांगितलेला असतो.

असो. बुधवार डॉक्टरांकडे गेला. बुधवारी राणीची बाग बंद असते, त्यामुळे तिकडेही काही चुकले नाही. गुरुवारी सकाळी लोकलने आम्ही भायखळ्याला उतरलो.

राणीची बाग १८६२ साली खुली झाली. तेव्हा ती वनस्पतींसाठी केलेली बाग होती. १८७३ च्या सुमारास ती नगरपालिकेकडे आली, आणि जनावरे त्याही नंतरची. व्हिक्टोरिया राणीच्या नावाने सुरू झालेल्या या बागेला आज वीरमाता जिजाबाई भोसले यांचे नाव आहे, पण लोकांच्या तोंडची राणी काही जात नाही. दारावरची पाटी वाचून आईला मात्र एकदम उत्साह आला. "आपल्या सिंदखेडच्या जिजाऊ? मंग ही आपलीच बाग की!" ती म्हणाली. सिंदखेडराजा आमच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातले, तेव्हा जिजाऊंवर आईचा माहेरपणाचा हक्क होता. या हक्काची तिकीट खिडकीवर कोणी दखल घेतली नाही. तेथे चौघांच्या कुटुंबाला शंभर रुपये असा दर होता. २०१७ पर्यंत हेच तिकीट पाच रुपये होते म्हणे. कुटुंब म्हणजे आई, वडील आणि दोन मुले. आजी-आजोबा त्या कुटुंबात धरलेले नव्हते. त्यांचा हिशेब वेगळा. मी तिकिटे घेऊन वळलो तेव्हा बाबा दरपत्रकाची पाटी मान इकडून तिकडे फिरवत, एकेक ओळ करून वाचत होते. वाचून ते काही बोलले नाहीत.

आत शिरल्यावर बाबांनी पहिला प्रश्न विचारला, "हे किती एकर हाये?" मी पन्नासेक असेल म्हणालो. त्यांनी मनातल्या मनात त्यात सोयाबीन पेरले आणि सुस्कारा सोडला. जनावरांपेक्षा त्यांना झाडांचेच अप्रूप जास्त. गोरखचिंचेच्या बुंध्यापाशी ते थबकले. हे आफ्रिकेतले झाड. बुंधा असा जाड, की आमच्या सहाजणांनी हात धरून कवेत घ्यायचे म्हटले तर कदाचित जमेल. बाबांनी त्याच्या सालीवर तळवा टेकवला, जरा थापटले, आणि बैलाच्या पाठीवरून हात काढावा तसा सावकाश काढून घेतला. चिरंजीव ओरडत होते, "आबा, हत्ती! हत्ती!" पण झाडाची चौकशी पुरी झाल्याशिवाय आबा हलले नाहीत.

बागेला लागूनच १८७२ साली उघडलेले जुने वस्तुसंग्रहालय आहे. आता त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. त्याच्या आवारात एक दगडी हत्ती उभा आहे. हा हत्ती मूळचा घारापुरी बेटावरचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा हे नाव दिले. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचे ठरले. उचलताना यारीने दगा दिला, हत्ती पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे कितीतरी वर्षे तसेच राहिले आणि १९१४ मध्ये ते जुळवून त्याला येथे उभे केले. ही हकीकत मी जरा रंगवून सांगितली. मराठीच्या प्राध्यापकाला एवढे श्रोते कॉलेजात कोठले मिळायला! बाबा म्हणाले, "म्हंजे जायाचं नव्हतं त्याले." आई म्हणाली, "देवानंच पाडला." चिरंजीवांनी विचारले, "मग त्याला लागलं का?" एकाच गोष्टीवर तीन भाष्ये झाली, आणि तिन्ही मला माझ्या व्याख्यानापेक्षा बरी वाटली.

हरणांच्या आवारापाशी मोठी गंमत झाली. आत चितळांचा कळप होता. सुरेख ठिपक्यांचा, डौलदार. आमच्या शेजारी उभे असलेले एक मुंबईकर कुटुंब हरखून "किती गोड! किती गोड!" म्हणत होते. आमच्या बाबांनी चष्मा पुसला, कठड्याला हात लावला आणि त्या कळपाकडे असे पाहिले, की जुन्या देणेकऱ्याला सावकाराने बाजारात ओळखावे. "यायले खायले काय देतात?" त्यांनी विचारले. हिरवा चारा, भाजीपाला, असे मी म्हणालो. "मांडून?" "मांडून." "आन् थे खातात?" "खातात." बाबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आपल्याकडं आपन कुंपन करतो त्यानं आत येऊ नये म्हनून. इथं कुंपन हाये त्यानं बाहीर जाऊ नये म्हनून. तार थेच."

शेजारच्या कुटुंबातल्या गृहस्थांनी हे ऐकले आणि मोठ्या आस्थेने चौकशी केली. रोही कसा असतो, किती उडी मारतो, एका रात्रीत किती खातो. बाबांना शहरात आल्यापासून प्रथमच स्वतःच्या विषयावर बोलायला मिळाले. कळप पुढे आणि म्होरक्या मागे, हे कसे ओळखायचे. वारा कोणीकडून आहे ते पाहून माळा कोठे उभारायचा. हरभऱ्याच्या आंबीने जनावराचे तोंड कसे आंबत नाही, पण माणसाचे हात कसे चरचरतात. हे सारे त्यांनी सांगितले. ते गृहस्थ जाताना म्हणाले, "आजोबा, तुमच्यासाठी तर ही जनावरं रोजचीच." बाबा म्हणाले, "रोजची खरी, पन दिवसा निवांत उभं राहून आजच पाह्यली. आमच्याकडं थे दिसले का आमाले पळा लागते." आणि मग, अगदी हळू, "चांगलं दिसते जनावर," असेही म्हणाले. पन्नास वर्षांच्या वैऱ्याबद्दल त्यांनी काढलेले हे पहिले बरे उद्गार. कोण जाणे, शृंगऋषींच्या आजोळच्या माणसांना त्या दिवशी माफी मिळाली असेल.

पेंग्विनांच्या घरापुढे रांग होती. आत शिरताच अंगावर गारवा आला. बाहेर मे महिन्याची मुंबई, आणि काचेपलीकडे सोळा ते अठरा अंश तापमान यंत्रांनी राखलेले. हे पेंग्विन हंबोल्ट जातीचे. पेंग्विन म्हटला की बर्फ, अशी आपली समजूत. पण हे बर्फातले नव्हेत. दक्षिण अमेरिकेत पेरू आणि चिलीच्या किनाऱ्याने थंड पाण्याचा मोठा प्रवाह वाहतो, त्या किनाऱ्यावरचे हे रहिवासी. हंबोल्ट या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाचे नाव त्या प्रवाहाला मिळाले आणि प्रवाहावरून पक्ष्याला. २०१६ च्या जुलैत दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ पेंग्विन मुंबईत आणले. त्यांतला एक त्याच वर्षी दगावला. उरलेले सात २०१७ च्या मार्चपासून लोकांना पाहायला मिळू लागले. २०१८ च्या १५ ऑगस्टला येथे एक पिल्लूही जन्मले होते, पण ते आठवडाभरातच गेले. ही माहिती आमच्या कन्येने दिली. वर्तमानपत्रातले कात्रण तिने वहीत चिकटवले होते.

सात पेंग्विन काळेपांढरे कोट घालून लग्नघरच्या कर्त्या मंडळींसारखे लगबगीने इकडून तिकडे जात होते, आणि लग्नघरच्या कर्त्यांसारखेच कामाविना. पाण्यात शिरले की मात्र त्यांचे रूप पालटे. जमिनीवरचे ते बावळे ध्यान पाण्यात तीर होऊन सुटे. मुले काचेला नाक लावून उभी राहिली. बाबांनी गारव्याने शेला अंगाभोवती घट्ट घेतला आणि यंत्रे किती, वीज किती लागते, वीज गेली तर काय करतात, अशी चौकशी तेथल्या रखवालदाराजवळ आरंभली. आमच्याकडे ओलिताला वीज रात्री येते आणि केव्हाही जाते. त्यामुळे विजेचा प्रश्न त्यांच्या दृष्टीने पेंग्विनांच्या जिवाचाच प्रश्न होता. रखवालदाराने दुसरी सोय असते असे सांगितल्यावरच त्यांचे समाधान झाले.

दुपारचे जेवण उरकून दोन टॅक्स्या केल्या आणि तारापोरवाला मत्स्यालय गाठले. चर्नी रोडजवळ, समुद्राच्या अगदी समोर. १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले होते आणि २०१५ मध्ये नवे रूप देऊन ते पुन्हा उघडले होते. मासे काचेत ठेवून लोकांना दाखवायची ही कल्पना तशी फार जुनी नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली पहिले सार्वजनिक मत्स्यालय निघाले. त्याआधी मासा माणसाला दोनच ठिकाणी भेटे, जाळ्यात आणि ताटात. मुंबईकरांच्या मनातून हा दुसरा संबंध अजून गेलेला नाही, असे तेथे माझ्या ध्यानात आले. एका काचेपुढे एक मायलेकी उभ्या होत्या, आणि आतल्या माशाचे रंगरूप पाहण्याऐवजी तो तळून बरा की कालवणात, यावर त्यांचा वाद चालला होता. माळकरी घरातली आमची आई हे ऐकून दोन पावले मागे सरली आणि पुढची काच येईपर्यंत तिने विठ्ठलाचे नाव सोडले नाही.

मत्स्यालयात आत अंधार असतो आणि उजेड फक्त काचेमागे. चौकोनाचौकोनांतून निळे पाणी उजळलेले, त्यात पिवळे, नारिंगी, पट्ट्यापट्ट्यांचे मासे. बाबा एका मोठ्या काचेपुढे उभे राहिले. समोरचे त्यांना स्वच्छ दिसत होते. "हे पाहा, हे पाहा," असे ते स्वतः चिरंजीवांना दाखवत होते. मला बरे वाटले. तेवढ्यात डावीकडून एक भले थोरले कासव संथपणे पोहत आले. आम्ही सारे त्याच्याकडे पाहू लागलो. कासव बाबांच्या खांद्याच्या रेषेत आले, कोपरापाशी आले, तरी बाबा समोरच पाहत होते. ते अगदी नाकासमोर आले तेव्हा ते दचकले. "हे कोठून आलं?" म्हणाले.

कोणी काही बोलले नाही. डॉक्टरांच्या कागदावरचे चित्र काल आम्ही पाहिले होते. आज ते कासवाने काढून दाखवले.

कन्या माझ्या शेजारी होती. ती तेथून निघून आजोबांच्या डावीकडे जाऊन उभी राहिली आणि तिने त्यांचा हात धरला. मग पुढच्या प्रत्येक काचेपाशी तिचा बारीक आवाज येऊ लागला: "आबा, डावीकडून दोन येतायत. आता वर बघा. आता पायरी आहे." हे तिला कोणी सांगितले नव्हते. काचेच्या बोगद्यातून जाताना डोक्यावरून आणि दोन्ही अंगांनी मासे जातात. तेथे ती पोर वळून वळून नुसती सांगत होती, आणि बाबा तिच्या सांगण्याप्रमाणे मान वळवत होते. बाहेर आल्यावर ते तिला म्हणाले, "तू जागलीवर चांगली राहशीन." आमच्या घरात याहून मोठी शाबासकी नाही.

संध्याकाळी आम्ही समोरच्या कठड्यावर बसलो. भरतीची वेळ होती. सौभाग्यवतींचा समुद्र एकदाचा त्यांना मिळाला. मुले भेळ खात होती. आई महालक्ष्मीचे उद्या नक्की ना, याची खात्री करून घेत होती. बाबा पाण्याकडे बघत म्हणाले, "एवढं पानी! आन् सारं खारं." जून कोरडा गेला की आमच्याकडे जीव कसा टांगणीला लागतो हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच या पाच शब्दांतली हळहळ कळेल.

सारे निवांत आहेत असे पाहून मी पुन्हा वाशीमचा विषय काढला. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितले. घरात तळमजल्यावरची खोली त्यांच्यासाठी ठेवली आहे, अंगणात तुळस आहे, शेजारी वाचनालय आहे, सारे सांगितले. बाबांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "प्रोफेसर, त्या पेंगिनले कायी कमी हाये का?"

मी म्हणालो, नाही.

"थंडी करून देल्ली. मासे देल्ले. डाक्टर हाये. वीज गेली तर दुसरी वीज हाये. सारं देल्लं बाप्पा. फकस्त काम नायी देल्लं."

वर्गात मुलांनी अडचणीचा प्रश्न विचारला तर मी चष्मा पुसतो. येथेही पुसला. सौभाग्यवती मात्र माझ्याहून व्यवहारी. त्या म्हणाल्या, "मामाजी, काम सोडू नका. पण रात्रीचं सोडा. डोळा गेला तर दिवसाचंही जाईल." आई म्हणाली, "मी हेच म्हन्तो वर्षभर." बाबांनी कन्येकडे पाहिले. ती भेळेचा कागद चाटत होती. "तुयं काय म्हननं हाये?" त्यांनी तिला विचारले. ती म्हणाली, "आबा, रात्री तुम्हांला डावीकडून आलेला रोही दिसणार नाही. आणि मी तिथे नसणार."

त्यावर बाबा बराच वेळ बोलले नाहीत. दिवे लागले. त्या वळणावर दिव्यांची लांबच लांब माळ लागते, ती त्यांनी मान सावकाश फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग त्यांनी निकाल दिला. रात्रीची जागल धाकट्याने करावी, गरज पडली तर एक गडी लावावा. दिवसा वावरात ते स्वतः बसतील. रोही रात्री येतो, पण पाखरे आणि माकडे दिवसा येतात, त्यांच्याकडे पाहायला एक डोळा पुरतो. थेंब आई घालील. अनसिंग सुटणार नाही. आणि नातीने दर सुट्टीत यायचे. हा तह तेथेच कठड्यावर झाला. कागदावर काही लिहिले नाही, पण दोन्ही पक्षांनी तो आजवर पाळला आहे.

माणसाचे म्हातारपण सुखात जावे म्हणून आपण मुले काय काय योजतो! खोली, पलंग, औषधाचा डबा, पंखा, दूरचित्रवाणी. यांतले काही अनाठायी असते असे मी म्हणणार नाही. थेंब चुकले असते तर बाबांचा डावा डोळाही आज राहिला नसता. पण जनावराची बडदास्त ठेवणारे लोकही हल्ली नुसत्या चाऱ्यापाण्यावर थांबत नाहीत. हॅम्बुर्गच्या कार्ल हागेनबेकने १९०७ साली गज काढून टाकले आणि खंदकापलीकडे जनावरे मोकळी ठेवली, तेव्हापासून या शास्त्राची दिशा पालटली. आता चांगल्या प्राणिसंग्रहालयात माकडाला अन्न हुडकून काढावे लागेल असे लपवून ठेवतात, अस्वलाला ओंडक्यातला मध कोरून काढायला लावतात. प्राण्याला पोटापुरते मिळाले, तरी ते आपण मिळवले असे वाटावे लागते, हे त्या लोकांना कळले आहे. हे वाचले तेव्हा मला राहूनराहून मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरचा तो पेंग्विनांवरचा शेरा आठवला. बाबांनी कोणतेही शास्त्र वाचलेले नाही.

त्यानंतर बरेच काही झाले. २०२० मध्ये महामारी आली. तारापोरवाला मत्स्यालयाची दारे बंद झाली आणि पुढे ती इमारतच जीर्ण ठरली, त्यामुळे मुलांनी धाकट्या मावसभावंडांना कासव दाखवायचे ठरवले होते ते राहून गेले. राणीच्या बागेत मात्र पेंग्विनांची नवी पिल्ले जन्मली आणि जगली. टाळेबंदीच्या काळात वाशीमच्या त्या तळमजल्यावरच्या खोलीत मीच बसून मोबाइलसमोर मराठी शिकवत होतो. समोर श्रोते नाहीत, नुसती काच. अनसिंगहून बाबांचा फोन येई. "जेवन वेळेवर हाये नं? आन् काम?" असे ते विचारीत, आणि स्वतःच हसत.

बाबा अनसिंगलाच आहेत. दर शनिवारी मी जातो. सकाळ-संध्याकाळ आई थेंब घालते आणि घातल्याची खूण कॅलेंडरवर करते. उजवा डोळा जवळजवळ गेला. डाव्याने ते अजून नांगरटीची ओळ सरळ आहे की वाकडी ते सांगतात. कन्या आता कॉलेजच्या उंबरठ्यावर आहे. सुट्टीत ती गेली, की दोघे धुऱ्याने चालतात, ती डावीकडून.

आणि संध्याकाळी देवळाच्या पारावर मुंबईची हकीकत निघतेच. दर वेळी ती थोडी वाढलेली असते. कासव आता आमच्या बंडीएवढे झाले आहे आणि पेंग्विन बाबांशी मान हलवून बोलल्याचे मी स्वतः ऐकले. पण शेवट मात्र ठरलेला. कोणीतरी विचारतो, "मंग बुवा, कसं काय हाये थे राणीचं वावर?" बाबा तंबाखू मळत सांगतात, "वावर मोठं हाये. रातदिवस जागल हाये. फकस्त पेरलेलं कायीच नायी."